पैठणी आणि सातबारा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



लहानपणाची एखादी आठवण सांगावी, अशी मंडळाची सूचना आली, तेव्हा मला आठवला तो दूरचित्रवाणीवरचा ‘होम मिनिस्टर’ हा खेळ. १३ सप्टेंबर २००४ रोजी तो सुरू झाला आणि पुढे कितीतरी वर्षे चालला. श्री. आदेश बांदेकर घरोघर जात, गृहिणींना ‘वहिनी’ म्हणत, त्यांचे खेळ घेत आणि जिंकणारीस पैठणी देत.

आमचे घर कामशेतजवळच्या खेड्यात. मावळातला पाऊस तुम्हां सर्वांना ठाऊकच आहे. ऐन रंगात वीज जाई, आणि मग कोणती वहिनी जिंकली असेल यावर अंधारात आमचा वाद चाले. आजीच्या हाती जपमाळ असे, पण लक्ष सारे पडद्याकडे. आई पिठाच्या हातांनीच चौकटीशी येऊन उभी राही. वडील लोणावळ्याहून लोकलने येत आणि हातपाय धुऊन आमच्यातच बसत. एकदा आजीने त्यांना विचारले, “अरे, तुझ्या बायकोला कोणती भाजी आवडते, सांग पाहू.” वडील म्हणाले, “ती काय, सगळंच खाते.” आम्ही पोरे हसलो, आई हसली नाही. दुसऱ्या दिवशी वडिलांनी तिला विचारून कर्टुली आणली.

मला वाटते, त्या खेळाचे खरे बक्षीस हेच होते. जन्मभर दुसऱ्यांची आवड सांभाळणाऱ्या बाईला कोणी तिची आवड विचारावी आणि साऱ्या घराने गप्प बसून तिचे उत्तर ऐकावे, ही काही लहान गोष्ट नव्हे.

परंतु भगिनींनो, मंत्रिपद म्हटले की खाते आले. आपल्या मंत्रीणबाईंच्या नावावर काय असते? आपला मावळ इंद्रायणी तांदळाचा. २००२ साली द्रुतगती मार्ग पुरा झाला, गुंठ्याचे भाव चढले आणि ‘हक्कसोड’ हा शब्द आमच्या घरातही आला. माझ्या आत्याने सही केली आणि तिला साडीचोळी मिळाली. साडी सुरेख होती. पण कागदात काय लिहिले आहे, हे तिला कोणी वाचून दाखवले नाही.

हिंदू कुटुंबातील मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीचा वाटा आहे. ९ सप्टेंबर २००५ पासून तसा कायदा आहे. लग्न झाले म्हणून तो हक्क जात नाही. हा हक्क जन्मानेच मिळतो, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले आहे. भावाच्या मायेपोटी कोणी वाटा सोडला, तर तिला मी नावे ठेवणार नाही. मात्र तिने सही करावी ती वाचून, समजून आणि आपल्या मनाने.

म्हणून माझी एक विनंती आहे. येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्रत्येकीने माहेरचा आणि सासरचा सातबारा उतारा घेऊन यावे. ज्यांना तो उमगत नाही, त्यांना आपल्या शिकलेल्या मुलींनी समजावून द्यावा. मग खेळही खेळू, आणि जिंकणारीला मंडळातर्फे पैठणीही देऊ.