फळीवर फळी



विषयाचे नाव ऐकून काही मंडळी गालात हसली, ते मी पाहिले. अमेरिकेतल्या घरांच्या फळ्यांशी आपला काय संबंध? परंतु या सभेतल्या अनेकांची मुले-नातवंडे आज तशाच घरांत राहतात. माझ्या पुतण्याने मॅसॅच्युसेट्समध्ये शंभर वर्षांचे घर घेतले आणि मला विचारले, "काका, बाहेरच्या भिंतीवरच्या लाकडी फळ्या ठेवू, की वरून विनाईलच्या चढवू?" मी जन्मभर विटा-चुन्यात वावरलेला माणूस. उत्तर देण्यापूर्वी मलाच शिकावे लागले.

मूळ युक्ती आपल्या कौलांचीच. वरच्याची कड खालच्यावर यावी आणि पाणी न थांबता ओघळून जावे. सतराव्या शतकात न्यू इंग्लंडमध्ये वसाहतवाल्यांनी ओकचे ओंडके गाभ्यापासून सालीकडे फोडले, संत्र्याच्या फोडी कराव्या तसे. फळी एका कडेला जाड, दुसऱ्या कडेला पातळ, पाचरीसारखी निघे. तिला तिकडे क्लॅपबोर्ड म्हणतात. अशी फळी रुंदीत कमी फुगते, कमी आक्रसते. म्हणून ती वेडीवाकडी होत नाही. सहा इंच रुंदीची फळी बाहेरून चारच इंच दिसते. काही जुन्या घरांत जमिनीलगतच्या फळ्या दाट आणि वर जाल तसे अंतर वाढत गेलेले आढळते. पावसाचे शिंतोडे खालीच उडतात ना! त्या सुतारांपुढे मी मनातल्या मनात हात जोडले.

खिळ्याचेही शास्त्र आहे. तो खालच्या फळीच्या वरच्या कडेच्या किंचित वर मारावयाचा, म्हणजे एका खिळ्यात एकच फळी अडकते. दोन्ही अडकल्या की लाकडाला हलता येत नाही आणि ते तडकते.

दुसरा प्रकार डच लॅपचा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाफेवर चालणाऱ्या रंध्याच्या गिरण्यांनी तो घरोघर नेला. हिची पाठ सपाट, वरच्या कडेला खोलगट वळण, आणि खालच्या कडेला खाच. फळ्या एकमेकींत बसतात. सावली ठसठशीत पडते, काम झपाट्याने होते, आणि फळी थेट सांगाड्यावर ठोकता येते म्हणून खर्च कमी. पण खाचेत शिरलेले पाणी लवकर वाळत नाही. दिसण्यात मला हीच अधिक आवडते. पावसात मात्र मी क्लॅपबोर्डच्या बाजूचा. व्हर्जिनियाकडे फळीच्या खालच्या कडेला बारीक गोलट काढतात, तीही मोठी देखणी.

विनाईल या सर्वांची नक्कल करते. त्याला रंग लागत नाही, हा त्याचा मोठा गुण. ते उन्हात लांबते, म्हणून खिळा लांबट भोकात सैल ठेवावा लागतो. तंतुमय सिमेंटच्या फळ्या जळत नाहीत आणि वाळवीही त्यांना लागत नाही. मात्र त्या कापताना उडणारी धूळ फुप्फुसांना घातक असते.

पुतण्याची खरी अडचण निराळी होती. अमेरिकेत घरांसाठी शिशाच्या रंगावर 1978 साली बंदी आली. त्यापूर्वीच्या घरांत तो असण्याचा संभव फार. त्याचा मुलगा दोन वर्षांचा. रंग खरवडला तर धूळ, आणि ती धूळ लहान मुलाच्या मेंदूला बाधते. एका कंत्राटदाराने सोपा मार्ग सांगितला, "झाकून टाका." मलाही क्षणभर तेच पटले. पण उत्तरेकडच्या भिंतीवर, न्हाणीघराच्या खिडकीखाली, रंगाला फोड आले होते. मी म्हटले, तेवढ्या चार फळ्या आधी काढून पाहा.

धूळ आवरण्याचे शिक्षण घेतलेली माणसे बोलावली. मूल आणि आई पंधरा दिवस मैत्रिणीकडे राहिली. फळ्या निघाल्या आणि आतले लाकूड बोटाने चुरडता येत होते. न्हाणीघराची वाफ भिंतीत शिरत होती आणि खिडकीच्या कडेनेही पाणी झिरपत होते. वर विनाईल चढले असते तर आमच्यापैकी कुणालाच ते दिसले नसते.

वाफ बाहेर काढणारा पंखा बसवला, खिडकीवर पत्र्याची पट्टी घातली. अकरा फळ्या नव्या लागल्या; बाकीच्या मूळच्याच अजून उभ्या आहेत. नव्या फळ्यांना पुतण्याने ठोकण्यापूर्वी पाठीमागूनही रंग दिला.