चंद्राची ओढ आणि पृथ्वीचा पातळ गाभा

मुखेड, कंधार, अहमदपूर, औसा या पट्ट्यातील श्रोत्यांकडून भूगर्भाविषयी जे प्रश्न येतात, त्यांत एक कधी चुकत नाही: चंद्र समुद्राचे पाणी उचलतो, तर पृथ्वीच्या पोटातला वितळलेला रसही तो ढवळत असणार, मग पौर्णिमा-अमावास्येला भूकंपाचे भय अधिक नाही काय? या प्रश्नामागे किल्लारीचा भूकंप आहे, हे उघड आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली, तेव्हा अनंत चतुर्दशीचे विसर्जन नुकतेच आटोपले होते आणि चंद्र पूर्ण व्हायला एक दिवसही उरला नव्हता. प्रश्नाचा पूर्वार्ध बऱ्याच अंशी बरोबर आहे; उत्तरार्धाला मात्र वेळीच अडवले पाहिजे.

पृथ्वीच्या पोटात सर्वत्र लाव्हा भरलेला आहे, ही समजूत आधी सोडावी लागते. पायाखाली सुमारे २,९०० किलोमीटरपर्यंत पातळ भूकवच आणि त्याखालचे जाड प्रावरण असा जवळजवळ सगळा घन खडकच आहे. त्याच्याही खाली द्रवरूप लोखंड व निकेल यांचा बाह्यगाभा आणि अगदी मध्यभागी सुमारे १,२२० किलोमीटर त्रिज्येचा घन अंतर्गाभा. १८९७ च्या आसाम भूकंपाचा अभ्यास केलेल्या रिचर्ड ओल्डहॅम यांनी १९०६ मध्ये भूकंपलहरींच्या नोंदींवरून गाभ्याचे अस्तित्व दाखवले, तर आतला घन गोळा इंगे लेहमन यांनी १९३६ मध्ये ओळखला.

चंद्र पृथ्वीच्या जवळच्या अंगाला जास्त ओढतो, दूरच्या अंगाला कमी. या दोन ओढींतील फरकाला भरतीबल म्हणतात. त्यामुळे पृथ्वी चंद्राच्या दिशेने आणि त्याच्या विरुद्ध दिशेने किंचित लांबट होते, आणि ती स्वतःभोवती फिरत असल्याने प्रत्येक गाव दिवसातून दोनदा या फुगवट्यातून जाते. मुखेडची जमीनही अशी वीतभर किंवा त्याहून थोडी अधिक वरखाली होते. विहिरी, रस्ते, घरे सगळीच एकत्र उचलली जात असल्याने कोणाला कळत नाही, इतकेच.

गाभ्यातील द्रवालाही हा आकार घ्यावा लागतो, आणि खरी मौज तेथे आहे. गोल फिरणाऱ्या द्रवाचा मार्ग भरतीमुळे लंबवर्तुळाकार झाला की त्या द्रवात तरंग उठू शकतात. डोक्यावर भरलेली घागर घेऊन चालणाऱ्या बाईच्या पावलांचा ताल घागरीतल्या पाण्याच्या स्वतःच्या हेलकाव्याशी जुळला, तर पाणी काठावरून उसळते. तसेच भरतीचा ताल या तरंगांशी जुळला तर संथ प्रवाह मोडून खळबळ माजू शकते. फिरत्या लवचीक भांड्यांत पाणी भरून केलेल्या प्रयोगांत हे दिसलेले आहे. चंद्र-सूर्याच्या ओढीमुळे पृथ्वीचा आसही सुमारे २६,००० वर्षांत एक फेरी घेतो, आणि कच्चे अंडे गरकन फिरवताना आतला बलक जसा कवचाच्या मागे रेंगाळतो, तसा द्रव गाभा या फेरीत प्रावरणाशी तंतोतंत जुळवून घेत नाही. तरीही आजच्या पृथ्वीत गाभ्याला वाहते ठेवण्याचे मुख्य काम आतून बाहेर जाणारी उष्णता आणि अंतर्गाभ्याचे हळूहळू गोठणे यांचेच मानले जाते. चंद्राचा वाटा किती, यावर अभ्यासकांत वाद आहे. वर्षाला दहा-वीस किलोमीटर, म्हणजे मुंगीलाही हसू यावे अशा वेगाने चालणाऱ्या या प्रवाहातून पृथ्वीचे चुंबकत्व निर्माण होते. अलिबागच्या वेधशाळेत १९०४ पासून त्याची मोजणी होत आली आहे.

आता इशारा. गाभ्यातील या हालचालीवरून भूकंपाची तिथी काढू नये. किल्लारीचे केंद्र जमिनीखाली फार तर दहा-बारा किलोमीटरवर होते, गाभा त्याच्या दोनशे पटींहून अधिक खोल. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप शुक्ल पक्षात झाला खरा, पण पौर्णिमेला पाच दिवस बाकी असताना. एखादा भूभ्रंश, म्हणजे खडकातील सरकणारी भेग, तुटण्याच्या बेतात असेल तर भरतीचा हलका रेटा तिला पुरू शकतो, आणि जगभरच्या नोंदींत त्याची पुसट खूण सापडतेही. परंतु भूकंपात मोकळा होणारा ताण या रेट्याच्या शेकडो पट असतो आणि कोणती भेग बेतात आहे हे कोणीच सांगू शकत नाही. म्हणून पुन्हा: तिथी काढू नये, कोणी काढून दिली तर तिच्यावर विसंबू नये. पौर्णिमेला अंगणात बाज टाकायची आणि प्रतिपदेला निर्धास्तपणे त्याच माळवदाखाली निजायचे, याला सावधगिरी म्हणत नाहीत! किल्लारीत माणसे चंद्राखाली नव्हे, मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरचे मातीचे ओझे यांखाली गाडली गेली, हे ज्या मुलखाने डोळ्यांनी पाहिले, त्या मुलखाला ते अजून सांगावे लागते.

अशा दगड-मातीच्या घरात दारा-खिडक्यांच्या माथ्यावरून चारही भिंतींना बांधणारा काँक्रीटचा सलग पट्टा असावा, भिंतीच्या आतल्या-बाहेरच्या अंगांना सांधणारे आरपार दगड असावेत. ते लगेच जमत नसेल, तर निदान पावसाळ्यापूर्वी माळवदावर नवी माती टाकण्याआधी जुना थर उतरवावा.