डाउट आणि क्वेश्चन: एका शब्दाने केलेला घोळ

आजचा एपिसोड छोटा आहे आणि विषय आहे दोन इंग्रजी शब्द, डाउट आणि क्वेश्चन. "यात कसला आलाय फरक?" असं वाटत असेल, तर तुम्ही अगदी माझ्यासारखेच आहात. हा फरक कळायला मला दोन चुका कराव्या लागल्या. पहिली लाजिरवाणी होती, दुसरी महागात पडली.

पहिली चूक. नोकरीचं दुसरं वर्ष, अमेरिकेतल्या क्लायंटबरोबर संध्याकाळचा कॉल. तिकडच्या आर्किटेक्टने नवीन डिझाइन समजावून सांगितलं. आकृतीतला एक बाण कुठून कुठे जातोय, एवढंच मला कळलं नव्हतं. मी अनम्यूट केलं आणि म्हणाले, "आय हॅव अ डाउट अबाउट युअर डिझाइन." कॉलवर एकदम शांतता. मग तो जरा ताठ आवाजात म्हणाला, यावर आम्ही तीन महिने काम केलंय, तुला यात नेमकं काय चुकीचं वाटतंय? मी पार गडबडले. मला काहीच चुकीचं वाटत नव्हतं हो!

कॉल संपल्यावर आमचा टीम लीड हसत म्हणाला, "अगं, तू त्याला सांगितलंस की तुझ्या डिझाइनवर माझा भरवसा नाही."

आता बघा, ही चूक आली कुठून? शाळेत बाई विचारायच्या, "कोणाला काही शंका?" पुढे क्लासमध्ये 'डाउट सेशन', 'डाउट क्लिअर करून घे'. आपल्याकडे डाउट म्हणजे न समजलेली गोष्ट. भारतात हे सर्रास चालतं, सगळ्यांना कळतंही. पण अमेरिकन किंवा ब्रिटिश माणसाला डाउट म्हणजे अविश्वास, खात्री नसणं.

गंमत म्हणजे मराठीत हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात आहेत. शंका 'विचारली' तर तो प्रश्न. शंका 'घेतली' तर तो संशय. आपण क्रियापद बदलून काम भागवतो, इंग्रजीत मात्र नामच बदलावं लागतं. आपण इंग्रजी बोलताना शंका सोबत घेऊन जातो, 'विचारणं' मागेच राहतं.

मुळातही हे शब्द वेगळे. डाउटचं मूळ लॅटिनमधल्या 'दुबितारे' या शब्दात आहे आणि त्याचं नातं 'दोन'शी आहे. आपलं 'द्विधा' आठवा: मन दोन बाजूंना ओढलं जाणं. स्पेलिंगमधला तो न उच्चारला जाणारा 'बी'सुद्धा लॅटिनची आठवण म्हणून नंतर घातलेला आहे. क्वेश्चनचं मूळ मात्र 'शोधणं, विचारणं' या अर्थाच्या लॅटिन क्रियापदात. म्हणजे क्वेश्चनमध्ये मला माहिती हवी असते, डाउटमध्ये मला समोरची गोष्ट पटलेली नसते.

एक सावधगिरी. 'आय हॅव अ क्वेश्चन' एकदम सौम्य आहे. पण क्वेश्चन क्रियापद म्हणून वापरलं, 'आय क्वेश्चन युअर डिझाइन', की गाडी परत संशयावर!

तर मी ठरवलं, डाउट हा शब्द बंद. आणि तिथेच दुसरी चूक झाली.

वर्षभराने पेमेंटच्या कोडचा रिव्ह्यू होता. सर्व्हरकडून वेळेत उत्तर आलं नाही, तर ॲप तीच रिक्वेस्ट परत पाठवणार होतं. आता पहिली रिक्वेस्ट आधीच पोचलेली असेल तर? ती आणि ही एकच आहे हे ओळखायला दोन्हींवर एकच खूण हवी. ती मला कुठे दिसेना. पैसे दोनदा कापले जाणार असं मला जवळजवळ नक्की वाटत होतं. पण मी म्हणाले काय? "जस्ट अ क्विक क्वेश्चन, रिट्राय झाला तर काय होतं?" उत्तर आलं, "हँडल होतं." मी म्हणाले, "ओके, थँक्स."

रिलीजनंतर काही ग्राहकांचे पैसे खरंच दोनदा कापले गेले. रिफंड, माफीचे ईमेल, दोन रात्री जागरण. लीडने विचारलं, "तुला हे आधी दिसलं होतं?" मी म्हणाले, "मी विचारलं होतं ना."

तो म्हणाला, "विचारलं होतंस. सांगितलं नव्हतंस."

हे वाक्य अजून डोक्यात आहे. पहिल्या वेळी मला प्रश्न होता आणि मी संशय बोलून बसले. दुसऱ्या वेळी खरा संशय होता आणि मी त्याला प्रश्नाचे कपडे घातले, कारण उद्धट वाटायची भीती होती.

हल्ली बोलण्याआधी मी स्वतःला एवढंच विचारते: मला समजलं नाहीये, की पटलं नाहीये? समजलं नसेल तर क्वेश्चन. पटलं नसेल तर सरळ, "आय डाउट धिस विल वर्क", आणि लगेच पुढे कारण. कारण दिलं की ते उद्धट वाटत नाही. आणि हो, आपल्या टीममध्ये, आपल्या माणसांत 'एक डाउट आहे' खुशाल म्हणा. तिथे कोणी दचकत नाही.

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोपर्यंत शंका विचारत राहा, आणि गरज पडली तर घ्यासुद्धा!