साथीची तयारी कोणासाठी?

(तासगाव येथे कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा गोषवारा)



साथ गरीब-श्रीमंत पाहत नाही, असे म्हणण्याचा प्रघात आहे. हे अर्धसत्य होय. रोगजंतू भेद करीत नसतील, समाजरचना करते.

मार्च २०२० मध्ये आपल्या जिल्ह्यातील पहिले करोना रुग्ण इस्लामपुरात आढळले आणि त्याच सुमारास देशभर टाळेबंदी पुकारण्यात आली. ‘घरातच राहा’ हा आदेश निघाला, तेव्हा बीडकडील ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्रातील फडांवर कोप्यांत राहत होते. ज्याचे घर शेकडो मैलांवर, त्याने कोणत्या घरात राहावे? परतण्याची परवानगी मिळाली ती एप्रिलच्या मध्यावर. पुढे मे २०२१ मध्ये १८ ते ४४ वयोगटाचे लसीकरण सुरू झाले, तेही ऑनलाइन नोंदणीच्या अटीवर. शासकीय केंद्रावर थेट नोंदणीची मुभा २४ मे रोजी आली. तोवर ज्याच्या हाती स्मार्टफोन, तोच रांगेत पुढे.

हा दोष एखाद्या अधिकाऱ्याचा नव्हे, नियोजनाच्या दृष्टीचा आहे. पाच हजार वस्तीला एक उपकेंद्र, तीस हजारांना एक प्राथमिक आरोग्य केंद्र, हा आपला हिशेब गावच्या कायम रहिवाशांचा. हंगामापुरता येणारा मजूर त्यात बसत नाही.

प्लेगच्या वेळी, १८९७ साली, इंग्रज सरकारने साथरोग कायदा केला. त्याने सत्तेला अधिकार दिले. रोग्याच्या हक्काविषयी त्यात अवाक्षर नव्हते. २०२० साली आपण त्याच कायद्याचा आधार घेतला. परंतु त्याच १८९७ साली, १० मार्चला, प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले यांनी देह ठेवला. आपला वारसा कोणता, हे आपण ठरवावयाचे आहे.

म्हणून पुढील साथीच्या आराखड्यासाठी आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. फडांवरील, द्राक्षबागांतील व बेदाणा शेडवरील मजुरांची नोंद दर हंगामात उपकेंद्रात व्हावी. विलगीकरणाच्या काळात शिधा आणि बुडालेली मजुरी मिळावी. उपाशी माणूस घरात कोंडून राहू शकत नाही. दारोदार फिरणारी आशा शासनाच्या लेखी आजही स्वयंसेविकाच आहे. तिला मोबदला नव्हे, वेतन मिळावे. आणि हा आराखडा ग्रामसभेत वाचला जावा.

खाटा आणि प्राणवायू हवेतच. पण तयारीची खरी कसोटी रुग्णालयात नव्हे, फडावरच्या शेवटच्या कोपीत लागेल. येत्या हंगामात त्या कोपीपर्यंत आधी आपण जाऊ या.