घशातला गोळा आणि स्कॅनचा आग्रह



"घशात गोळा अडकल्यासारखा वाटतो," ही तक्रार आपल्या वस्तीत नेहमी ऐकू येते. नुसता आवंढा गिळताना गोळा जाणवतो, भाकरी मात्र सरळ उतरते. पूर्वी डॉक्टरही याला बायकांचा उन्माद म्हणत. १९६८ साली माल्कमसन यांनी ते नाव बदलून 'ग्लोबस फॅरिंजियस' असे सुचवले. हा त्रास खरा असतो. घशाच्या स्नायूंचा ताण, वर येणारे आम्लपित्त, मनावरचे ओझे ही त्याची नेहमीची कारणे आहेत. बहुतेकांना गाठ नसते.

तरीही रुग्ण म्हणतो, "डॉक्टर, स्कॅन काढा." हजार विड्यांच्या हिशोबाने मजुरी घेणाऱ्या भगिनीला तो खर्च लहान नाही. म्हणून तपासणीचा क्रम समजून घ्या. आधी हकीकत, मग तोंडाची व मानेची तपासणी. त्यानंतर जरूर वाटल्यास कान-नाक-घसा तज्ज्ञ नाकातून बारीक दुर्बीण घालून घसा व स्वरयंत्र पाहतात.

पूर्वी अशा पुष्कळ रुग्णांना बेरियम पाजून एक्स-रे काढत. त्यात अन्ननलिकेतील अडथळा दिसतो. पण घशातली लहान गाठ निसटू शकते. मानेत गाठ लागली किंवा थायरॉईडची शंका आली, तर सोनोग्राफी उपयोगी पडते. सी.टी. स्कॅन धोक्याची लक्षणे असणाऱ्यांसाठी आहे. उगीच काढलेल्या चित्रात निरुपद्रवी गाठी सापडतात आणि घोर वाढतो.

आता धोक्याची लक्षणे लक्षात ठेवा: घास अडकणे, गिळताना दुखणे, तीन आठवड्यांहून अधिक घोगरा आवाज, मानेत गाठ, थुंकीत रक्त, एकाच बाजूला दुखणे, वजन घटणे. यांपैकी एक जरी असले तरी दिवस घालवू नका. तंबाखू, मिश्री, विडी, गुटखा वा दारूचे व्यसन असेल तर मुळीच नको.

आपल्याच जिल्ह्यात बार्शी येथे १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. तिचे कार्यकर्ते गावोगाव लक्षणे समजावून सांगत. त्यामुळे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकर उपचारांना येऊ लागल्या. माहितीने एवढे साधते.

विद्यार्थी मित्रांनो, ही लक्षणे आज घरी आईला, आजीला वाचून दाखवा. त्यांच्या तक्रारीला 'मनाचे खेळ' म्हणू नका आणि यंत्राच्या चित्रालाच डॉक्टरही समजू नका.

जयभीम!