उंच केलेली जीप आणि थकलेले शॉकअप



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस विषय विचारला तेव्हा किमान वेतन किंवा कंत्राटी कामगार असे काही उत्तर त्यांना अपेक्षित असावे. आम्ही ‘उंच केलेल्या जीपचे शॉकअप’ असे लिहून पाठविले. चिटणिसांचा लगेच फोन आला, “तुमच्या पाकिटात दुसऱ्या कोणाचा कागद तर गेला नाही ना?” आम्ही म्हणालो, कागद आमचाच आहे, आणि विषयही कामगारांचाच आहे. तो कसा, हे आता सांगतो.

सह्याद्रीच्या एका घाटमाथ्यावर पर्यटकांना जीपमधून कड्यांकडे नेणाऱ्या चालकांची संघटना आम्ही सांभाळतो. एका पावसाळ्यात आमच्या एका चालकाची जीप उतारावरच्या खडबडीत वळणावर मागच्या बाजूने उडत उडत सरकली आणि कठड्याला घासून थांबली. आत सहा माणसे होती. दैव बलवत्तर म्हणून खरचटण्यावर निभावले. दुसऱ्याच दिवशी मालकाने चालकाला कामावरून थांबविले. आरोप निष्काळजीपणाचा, आणि नुकसानीची रक्कम पगारातून कापण्याची नोटीस. चौकशीत चालक एवढेच म्हणत राहिला, “ब्रेक दाबला हो, पण चाक जमिनीवर नव्हतंच!” मंडळी हसली. खरे सांगायचे तर आम्हीही मनातून हसलो. पण ज्याचा बचाव करायचा त्याचे वाक्य खोटे धरून चालत नाही. म्हणून एका वयोवृद्ध मिस्त्रींना घेऊन आम्ही त्या जीपखाली शिरलो. आज जे सांगणार आहोत त्यातले बहुतेक सारे तिथे, पाठीवर निजून शिकलेले आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. गाडीचे वजन शॉकअप पेलतो असे पुष्कळांस वाटते. वजन पेलते ती स्प्रिंग. मग ती गुंडाळीची असो की पोलादी पट्ट्यांची कमान असो. चाक दगडावर चढले की स्प्रिंग दबते, आणि दबलेली स्प्रिंग उसळते. तिला मोकळे सोडले तर ती वरखाली नाचतच राहील. तिचे नाचणे आवरणारा तो शॉकअप. त्याच्या नळीत तेल, तेलात दट्ट्या, आणि दट्ट्याला बारीक झडपा असतात. चाक हलले की तेल त्या झडपांतून जबरीने लोटले जाते, आणि हालचालीची शक्ती उष्णता बनून नळीवाटे हवेत निघून जाते. थोडक्यात, स्प्रिंग झटका झेलते आणि शॉकअप तो पचवितो. दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीपला चारही चाकांवर कमानी आणि असेच तेलाचे शॉकअप होते. आजच्या गाड्यांत तेलावर नायट्रोजन वायूचा दाब ठेवतात, कारण खडबडीत वाटेवर तेल घुसळून फेसाळते आणि फेस झडपेतून फारशी अडचण न होता निसटतो. पण मूळ तत्त्व तेच आहे.

आता हा पचविणारा थकला म्हणजे काय होते? चाक खड्ड्यात आपटते, उसळते आणि क्षणभर जमीन सोडते. ते टेकते न टेकते तोच पुन्हा उसळते. जमीन सोडलेले चाक ब्रेकने थांबविता येते; त्याने गाडी थांबत नाही. आमचा चालक बोलला ते अक्षरशः खरे होते, आणि हसणारे आम्ही अडाणी होतो.

पण खरे आहे म्हणून चौकशीत भागत नाही. पुरावा लागतो. मालकाच्या मिस्त्रीने सर्वांसमक्ष प्रसिद्ध प्रयोग करून दाखविला. गाडीचा कोपरा अंगाचा भार देऊन दाबायचा आणि सोडायचा. एकदा वर येऊन ती स्थिर झाली तर शॉकअप चांगला, डुलत राहिली तर गेलेला. जीप जवळजवळ हललीच नाही. “पाहा, शॉकअप उत्तम!” आमचे मिस्त्री काही बोलले नाहीत. त्यांनी मागचे दोन्ही शॉकअप खोलून जमिनीवर ठेवले आणि म्हणाले, “आता दाबा.” जीप तेव्हाही हलली नाही! हा प्रयोग मऊ स्प्रिंगच्या हलक्या मोटारीला ठीक आहे. जाड कमानीच्या जीपला माणसाच्या वजनाने दाबताच येत नाही, आणि दबली तरी पट्ट्यांचे एकमेकींवरचे घर्षणच ती थोपविते. तेव्हा जीपला दुसरे साक्षीदार शोधावे लागतात.

पहिला साक्षीदार तेल. दट्ट्याची दांडी आतबाहेर करताना तेलाची पुसट ओल घेऊन येते; तेवढ्याने घाबरू नये. पण नळीवर ओघळ असतील, त्यावर मातीचा चिकट थर बसला असेल, तर सील गेले असे समजावे. नळीला पोचा किंवा दांडीला ओरखडा असेल तर तेही गळतीचे आमंत्रणच.

दुसरा साक्षीदार टायर. रबरावरून तळहात फिरवावा. ठराविक अंतराने वाटीसारखे खोलगट भाग लागले तर ते चाक उसळत, आपटत धावले आहे. मात्र चाकाचा तोल बिघडल्याने किंवा बेअरिंग सैल झाल्यानेही असे होते. एकट्या टायरच्या साक्षीवर निकाल देऊ नये.

तिसरा साक्षीदार उष्णता, आणि आम्हांस सर्वांत पटला तो हा. खोलण्यापूर्वी मिस्त्रींनी जीप खडबडीत वाटेने दहाबारा किलोमीटर अगदी हळू फिरवून आणली आणि थांबताक्षणी मागच्या शॉकअपना बेताने हात लावून पाहिला. उजवा तापलेला, डावा गार. जो काम करतो तो तापतो. जो गार राहिला त्याने काम केलेच नाही. हे आम्हां कामगारांना वेगळे शिकवावे लागत नाही. हात लावताना धुराड्याची नळी मात्र सांभाळावी. ती हात पोळते, आणि शेजारच्या शॉकअपला तापवून खोटी साक्षही देते.

चौथा साक्षीदार दोन्ही टोकांचे रबरी बुश आणि खुंट्या. बुश फाटला की लहान खड्ड्यातही टक्‌टक् वाजते. आणि पाचवी परीक्षा शॉकअप खोलून. तो उभा धरून सावकाश दाबावा आणि ओढावा. अडवणूक सबंध अंतरभर सारखी हवी. आमचा डावा शॉकअप मधल्या पट्ट्यात पोकळ होता, सायकलच्या फाटक्या पंपासारखा.

उजव्याची वरची खुंटीही तडकलेली निघाली, आणि मिस्त्रींनी विचारले, “ही गाडी उंच कोणी केली?” खरी गोष्ट इथे उघड झाली. पर्यटकांना रुबाबदार दिसावी म्हणून मालकाने कमानीच्या टोकांचे शॅकल चार इंचांनी लांब केले होते. शॅकल जेवढा वाढतो त्याच्या सुमारे निम्मी गाडी उचलली जाते, म्हणजे दोन इंच. वर टायरही मोठे, जड बसविलेले. शॉकअप मात्र मूळच्याच लांबीचे. आता चाक खड्ड्यात लोंबले की शॉकअप पुरता ताणला जाई आणि सारा ॲक्सल त्याच्या खुंटीवर हिसका देई. झटका पचविणे हे त्याचे काम. साखळदंड होणे हे त्याचे काम नव्हे. शिवाय जड चाक उसळू लागले की ते आवरण्यास ताकदही अधिक लागते. एक भेद मात्र लक्षात ठेवावा. चासी आणि वरचा सांगाडा यांच्यामध्ये ठोकळे घालून गाडी उंच केली असेल, तर ॲक्सल व चासी यांतील अंतर बदलत नाही आणि शॉकअपची लांबीही बदलावी लागत नाही.

चालक कामावर परत आला. कापलेला पगार मिळण्यास आणखी दोन महिने लागले. मालकाने नवे शॉकअप बसविले, पण बसविले ते पुन्हा मूळच्याच लांबीचे. चार महिन्यांत त्यांचीही तीच गत झाली. तेव्हा आम्ही शिकलो की बदलणे सोपे आहे; मोजणे अवघड आहे.

मोजावे ते असे. शॉकअप काढून, चासी भक्कम घोड्यांवर टेकवून, ॲक्सल जॅकने सावकाश खाली सोडावा, आणि कमान पुरती लोंबली की वरच्या व खालच्या खुंटीतील अंतर घ्यावे. ब्रेकची रबरी नळी आधी ताणली जात असेल तर तिथेच थांबावे. लांब नळी घातल्याशिवाय पुढे जाऊ नये. मग ॲक्सल वर नेऊन चासीखालच्या रबरी ठोकळ्याला टेकला असता तेच अंतर पुन्हा घ्यावे. उदाहरणादाखल, लोंबत्या स्थितीत २१.५ इंच आणि दबलेल्या स्थितीत १४ इंच भरले. तर पुरता मिटल्यावर १३.५ इंचांहून मोठा नसलेला आणि पुरता उघडल्यावर सुमारे २२ इंच होणारा शॉकअप घ्यावा. आखूड घेतला तर तो ताणून तुटतो. फार लांब घेतला तर ठोकळा टेकण्यापूर्वीच त्याचा दट्ट्या तळाशी आपटून फुटतो. दोन्ही मापे जुळेनात तर रबरी ठोकळा खाली घ्यावा किंवा ॲक्सलला पट्टा बांधून त्याचे लोंबणे मर्यादित करावे. दुकानदार “दोन इंच उंच गाडीचा” म्हणून देतो, तेवढ्यावर विसंबू नये. टेप आपल्या हातात असावी.

बसविण्याची रीत थोडक्यात सांगतो. गाडी सपाट जागेवर, चाकांपुढे-मागे दगड. केवळ जॅकवर तोललेल्या गाडीखाली कोणीही, कितीही अनुभवी असो, शिरू नये. गंजलेल्या नटांवर आदल्या रात्री तेल सोडावे. ॲक्सलला खालून आधार द्यावा. गुंडाळीच्या स्प्रिंगच्या गाडीत शॉकअप सुटताच ॲक्सल खाली पडून स्प्रिंग निसटू शकते. जिथे शॉकअपभोवतीच स्प्रिंग दाबून बसविलेली असते, तो जोड योग्य साधनाशिवाय खोलू नये. त्या स्प्रिंगमध्ये माणूस मारण्याइतका जोर असतो. दांडी पक्कडीने धरू नये, कारण ओरखडा पडला की नवे सील आठवड्यात गेले. वायू नसलेला नवा शॉकअप आधी उभा धरून ओढावा, उलटा करून दाबावा, असे चारसहा वेळा करून आतली हवा काढावी. एका ॲक्सलचे दोन्ही शॉकअप एकदम बदलावेत. एक ताजा आणि एक थकलेला ही जोडी वळणावर गाडीला एकीकडे ओढते. बुशांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी राहिल्यावरच शेवटचे आवळावेत, म्हणजे रबराला कायमचा पीळ बसत नाही. काहीशे किलोमीटर गेल्यावर ते पुन्हा तपासावेत. आणि काढलेला जुना शॉकअप आगीत टाकू नये, गॅसने कापू नये. आत दाब असतो.

कायद्याविषयी एक शब्द. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे, नोंदणीतील तपशील निर्मात्याने ठरविलेल्या मूळ तपशिलाशी जुळेनासा होईल असा फेरबदल मालकास करता येत नाही; जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितले. तेव्हा गाड्या उंच करा असे सांगण्यास आम्ही आलो नाही. उंच करण्याचा विचार असेल त्याने आधी परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीत चौकशी करावी.

शेवटी एक कबुली. त्या जीपमधून आम्ही स्वतः वर्षभर हिंडत होतो. ती उडते, वळणावर मागे सरकते, हे आमच्या हाडांना कळत होते. पण “डोंगरातली गाडी अशीच असायची” असे आम्ही म्हणत होतो. चालकही दर महिन्याला ब्रेक जरा आधी दाबू लागला होता, आणि हे त्याचे त्यालाही ठाऊक नव्हते. शॉकअप एका दिवसात मरत नाही. तो रोज थोडा मरतो, आणि माणूस रोज थोडे जुळवून घेतो. आम्ही तीस वर्षे कामगारांना सांगत आलो की जाचाची सवय होऊ देऊ नका. आणि बुडाखालच्या जाचाची आम्हांस सवय झाली होती!

म्हणून आता आमच्या थांब्यावर एक वही आहे. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी चालकांनी एकमेकांच्या गाड्या पाहायच्या, स्वतःची नव्हे, आणि तेल, टायर, बुश यांची नोंद करायची. आपल्या गाडीची आपल्याला सवय असते. दुसऱ्याची गाडी डोळ्यांना खुपते. वहीत दोष लिहिला गेला की दुरुस्ती होईपर्यंत कोणी चालक ती गाडी काढत नाही. मालक आधी चिडले. आता दोन मालक स्वतः वही मागून पाहतात.

आपणांपैकी ज्यांच्या जीपा आहेत त्यांनी उद्या सकाळी खाली वाकून पाहावे. ज्यांच्या नाहीत त्यांनी सहलीला भाड्याच्या जीपमध्ये बसण्यापूर्वी चालकाला एवढेच विचारावे, “दादा, शॉकअप कधी बदलले?” तो हसेल, पण त्याच्या मालकापुढे त्याला जो प्रश्न मांडायचा आहे, तो मांडताना त्याच्यामागे गिऱ्हाईकही उभे आहे, हे त्याला कळेल.