पृथ्वीसारखा ग्रह: पण कोणत्या काळातल्या पृथ्वीसारखा?

1960 साली खगोलशास्त्रज्ञ फ्रँक ड्रेक यांनी अमेरिकेतल्या ग्रीन बँक इथली रेडिओ दुर्बीण टाऊ सेटी आणि एप्सिलॉन एरिडानी या दोन ताऱ्यांकडे, परक्या बुद्धिमान जीवांचे रेडिओ संदेश ऐकू येतात का हे पाहायला, वळवली, तेव्हा तिथे ग्रह आहेत की नाहीत हेही कुणाला ठाऊक नव्हते. तारे जवळचे आणि बरेचसे सूर्यासारखे, एवढ्यावर निवड झाली. आज पाच हजारांहून अधिक परग्रह माहीत आहेत. निवडीमागची समजूत मात्र ‘पृथ्वीसारखा ग्रह’ या शब्दप्रयोगात मुक्कामाला राहिली आहे. त्यात बहुधा दोनच गोष्टी गृहीत असतात: ग्रहाचा आकार आणि पाणी द्रवरूप राहील इतके ताऱ्यापासूनचे अंतर. नुसत्या आकारावर जायचे, तर शिसे वितळवणारा शुक्रही पृथ्वीचा सख्खा भाऊ ठरेल.

माझा आक्षेप याहून मुळातला आहे. पृथ्वीचे वय सुमारे 450 कोटी वर्षे. तिच्या हवेत ऑक्सिजन साठू लागला तो सुमारे 240 कोटी वर्षांपूर्वी, आणि त्यानंतरही कितीतरी काळ तो तुटपुंजाच होता. आगीची सर्वांत जुनी खूण, म्हणजे खडकांत सापडणारा जळक्या झाडोऱ्याचा कोळसा, सुमारे 43 कोटी वर्षांपूर्वीची. त्याआधी जमिनीवर जळण्याजोगा झाडोराच नव्हता. विस्तव नाही तर धातू गाळणे नाही, आणि धातूवाचून अँटेना कसली? रेडिओचे वय तर जेमतेम सव्वाशे वर्षे. म्हणजे पाणी आणि ऊब या अटी पृथ्वीने बहुतेक सारा काळ पाळल्या आणि तेवढा काळ ती मुकीच राहिली. जीव शोधायची कसोटी आपण बुद्धी शोधायला लावतो, आणि या दोन शोधांच्या गरजा तर उलट दिशांना जातात. जीवासाठी कसोटी सैल करायला हवी: शनीच्या एन्सेलाडस या चंद्रावर कॅसिनी यानाला 2005 मध्ये पाण्याचे फवारे दिसले, आणि तो तर सूर्यापासून ‘योग्य’ मानलेल्या अंतराच्या पार बाहेर. पण तिथल्या बर्फाखालच्या समुद्रात एखादा बुद्धिमान जीव असलाच, तरी त्याला चूल पेटवता येणार नाही. रेडिओ संदेशाची अपेक्षा धरायची, तर कोरडी जमीन आणि भरपूर ऑक्सिजन यांची चौकशी आधी करावी लागेल.

यावर कुणी म्हणेल, उदाहरण एकच हाती आहे, मग सुरुवात तिथूनच नको का? जरूर करावी. दुर्बिणीचा वेळ मोजका असतो, रांग कुठून तरी लावावीच लागते. मात्र रांगेत पुढे असणे म्हणजे शक्यता अधिक असणे नव्हे. विचार करणारा प्राणी जिथे घडला, तिथूनच हा प्रश्न विचारला जाणार. त्यामुळे आपले इथे असणे हा पृथ्वी नमुनेदार असल्याचा पुरावा होत नाही. आकाशगंगेतले सुमारे तीन चतुर्थांश तारे तांबडे बटू, म्हणजे सूर्याहून लहान आणि थंड तारे, आहेत, आपण मात्र त्यांतल्या एकाभोवती नाही. हा योगायोग, की ते तारे बुद्धीला प्रतिकूल? एका उदाहरणावरून याचा निवाडा करता येत नाही. कार्बन आणि पाणी सर्वत्र आहेत, म्हणून पृथ्वीची पुनरावृत्तीही सर्वत्र होईल, हा दुसरा युक्तिवाद मला अर्धाच पटतो. रसायने तीच असतील. पण ऑक्सिजन साठायला इथे अब्जावधी वर्षे लागली, दुसरीकडे किती लागतील हे त्या रसायनांवरून कळत नाही.